मोडलेली गिटार घेऊन मिरजेस

मिरजेस लोक दोन कारणांनी जातात, असे आमच्या घरची वडील मंडळी म्हणत असत : प्रकृती बिघडली म्हणून, नाही तर तंबोरा बिघडला म्हणून. गेल्या कार्तिकात मी तिकडे गेलो तो या दोहोंपैकी कोणत्याच कारणाने नव्हे. माझ्या पुतण्याची विजेवर वाजणारी गिटार माझ्या हातून मोडली होती, आणि ती घेऊन आम्ही दोघे पुण्याच्या फलाटावर एकमेकांशी फारसे न बोलता उभे होतो.

घडले ते असे. हे वाद्य त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षात पगारातून शिल्लक टाकून घेतलेले. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात आमचा पिढीजात तंबोरा, दुसऱ्यात ही गिटार. आणि तिच्या आवाजाविषयी मी वेळोवेळी काढलेले उद्गार घरातील सर्वांस तोंडपाठ आहेत. त्या सायंकाळी दिवे गेले असता मी खुर्ची मागे सरकवली, तिचा पाय गिटारीच्या घडवंचीस लागला आणि वाद्य पाठीवर पडले. आवाज फारसा झाला नाही. दिवे आल्यावर पाहतो तो तिचा माथा मानेपासून तुटून केवळ तारांच्या आधाराने लोंबत होता. "चुकून झालं रे," मी म्हणालो. ते खरेच होते. परंतु माझे पूर्वीचे उद्गार सर्वांच्या कानांत ताजे असता ते कोणास खरे वाटले असेल, याची मलाच खात्री वाटेना. पुतण्या म्हणाला, "असू द्या, काका." तो रागावला असता तर मला बरे वाटले असते.

माझ्या लहानपणी आमच्या तंबोऱ्याचा भोपळा असाच फुटला होता, आणि मिरजेहून तो असा सांधून आला की सांधा शोधण्यास बोट फिरवावे लागे. ते आठवून मी मिरजेची गोष्ट काढली. तंबोरे करणाऱ्यांस या वाद्यातले काय कळणार, असे त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. तथापि तो आला. बहुधा माझ्या समाधानासाठीच.

पुण्याहून मिरज लोहमार्गाने सुमारे २८० किलोमीटर. जेजुरीचा डोंगर मागे पडला, नीरा, लोणंद, वाठार गेले, साताऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर व तो आपल्या फोनमध्ये पाहत होता. कराड सुटल्यावर दोहों अंगांस ऊस दिसू लागला, तेव्हा मी धीर करून विचारले, "नेमकी तिथेच का मोडली?" हा प्रश्न मी पूर्वीच विचारावयास हवा होता, कारण त्याचे उत्तर किर्लोस्करवाडीपर्यंत पुरले. गिब्सन नावाच्या अमेरिकन कारखान्याने १९५२ साली लेस पॉल या वादकाच्या नावाने जी गिटार काढली, तिच्या वळणाची ही आहे. मान महोगनीची, माथा सरळ नसून सुमारे १७ अंशांनी मागे कललेला. शिवाय मान वाकू नये म्हणून तिच्या आत पोलादी सळई घालतात, आणि तिचे टोक आवळण्यासाठी लाकूड कोरतात ते ऐन माथ्याच्या मुळाशी. म्हणजे जेथे लाकूड सर्वांत बारीक तेथेच ते पोखरलेले! त्यातून सहा तारा मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण अष्टौप्रहर देत असतात. अशी गिटार पाठीवर पडली की प्रथम माथा टेकतो आणि मान तेथेच फाटते. फेंडरच्या गिटारीचा माथा मानेच्या रेषेतच असल्यामुळे ती सहसा अशी मोडत नाही.

"मग आवाज गेला म्हणायचा?" मी विचारले. तो हसला, त्या दोन दिवसांतले ते पहिले हसू. आवाज मुख्यत्वे तारेत व तिच्याखालच्या लोहचुंबकात. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज खेळते आणि ती ध्वनिवर्धकात जाऊन गाते. तंबोऱ्याचे तसे नाही, त्याचा भोपळाच गातो. मग इतके दुःख कशाचे, असे माझ्या ओठांवर आले होते; पण त्याने त्या आधीच एक हकीकत सांगितली. १९४९ साली आर्कान्सा प्रांतातील ट्विस्ट गावी बी. बी. किंग हा निग्रो गायक एका नाचघरात वाजवीत असता दोघांच्या मारामारीत घासलेटची जळती शेगडी लवंडली आणि घर पेटले. किंग बाहेर पडला, आणि गिटार आत राहिली म्हणून पुन्हा आगीत शिरला. भांडण ल्यूसील नावाच्या बाईवरून झाले होते. पुढे त्याने आपल्या साऱ्या गिटारींस तेच नाव दिले. मी ओठांवरचा प्रश्न गिळला.

मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात सतारमेकर गल्ली आहे. दुकानांतून तुकतुकीत तंबोरे उभे, आणि आत छपराशी कोरडे भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. येथील मूळ कारागीर शिकलगार, म्हणजे शस्त्रांस धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंबोऱ्याकडे हात वळविला. त्याचा आरंभही दुरुस्तीनेच झाला अशी परंपरा सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले. दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली पाँडिचेरीस जात असता वाटेतल्या एका लहानशा स्थानकाच्या फलाटावर त्यांचा अंत झाला, आणि देह येथे आणला गेला. फटाक्याने डोळे दुखावलेल्या बालवयीन विष्णु दिगंबरांस कुरुंदवाडहून उपचारासाठी आणले तेही याच गावी. डोळ्यांस पूर्ण गुण आला नाही, पण बाळकृष्णबुवा भेटले.

ज्या दुकानी आम्ही गेलो तेथील वृद्ध कारागीर एका घोडीवर जवारी काढीत बसले होते. कानस चालवावी, तारेखाली दोरा सरकवावा, ऐकावे, पुन्हा कानस. आमची पेटी उघडली तेव्हा त्यांनी गिटारीच्या अंगाकडे पाहिलेही नाही. तुटलेल्या माथ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"लाकूड रेषेनं फाटलंय, आडवं तुटलं नाही. जुळंल." मग वर पाहून म्हणाले, "कुणाच्या हातनं पडली?"

मी "माझ्या" म्हणण्यापूर्वीच पुतण्या म्हणाला, "दिवे गेले होते. अंधारात पडली."

मी दर्ग्याकडे पाहत राहिलो.

सांधणे पाहण्याजोगे होते. तारा उतरवल्या, फाटीतला एकेक तंतू सुरीच्या टोकाने जागच्या जागी बसवला, कोरडेच जुळवून तीनदा पाहिले, मग सरस आत खोलवर पोचवून शिकंज्यात आवळले. कडेने पाझरलेला सरस ओल्या फडक्याने पुसताना ते पुतण्याला त्या सळईविषयी विचारीत होते, आणि तोही खाली मांडी घालून सांगत होता. दांडीत पोलाद घालावे लागते याचे त्यांस नवल वाटले. "चार तारा काय नि सहा काय," असे काहीसे पुटपुटले. मला तेथे काही काम नव्हते. चहा मात्र मी सांगितला.

दोन दिवस आम्ही सांगलीस त्याच्या आत्याकडे राहिलो. तिसऱ्या दिवशी गिटार हाती आली तेव्हा मानेवर एक काळसर रेघ होती. "हा रंग आमच्याकडं मिळायचा न्हाई," कारागीर म्हणाले, "आणि आठवडाभर तारा चढवू नका." म्हणजे ती पूर्वीसारखी वाजते की नाही हे न कळताच परतावयाचे होते.

परतीच्या वेळी स्थानकावर गर्दी विलक्षण. पेटी खाली ठेवण्यास जागा नाही, आणि गाडी यावयाची वेळ झालेली. पुतण्याने इकडेतिकडे पाहिले, पेटी माझ्या हाती दिली, "धरा काका, पाणी घेऊन येतो," असे म्हणाला आणि गर्दीत दिसेनासा झाला. तो परत येईतो ती मी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो.