दिवाणखान्यातला काळवीट

नागपूरहून खाप्याला पोचेपर्यंत एक प्लेलिस्टसुद्धा धड संपत नाही. छिंदवाडा रोड पकडायचा, कोराडीच्या चिमण्या मागे टाकायच्या, सावनेर तालुक्यात शिरून कन्हान नदीकडे वळायचं. तासाभराचा मामला. नदीकाठी उंचावर वसलेलं जुनं गाव, कधीकाळी हातमागांच्या खटखटीसाठी ओळखलं जाणारं. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आणि पलीकडे जंगल सुरू. वीकेंडवाले इथे थांबत नाहीत. पेंचच्या सफारीचं बुकिंग खिशात असतं ना, त्यामुळे खापा म्हणजे फक्त चहाचा स्टॉप.

मी मात्र खास खाप्यालाच निघालो होतो, एका शिंगवाल्या गृहस्थाला भेटायला.

झालं असं की, हिंजवडीतला माझा एक टीममेट मूळचा खाप्याचा. जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरलंय आणि दिवाणखान्यात आहे त्याच्या पणजोबांनी मारलेला काळवीट. म्हणजे मुंडकं, लाकडी फळीवर बसवलेलं. 'तू नागपूरला जातोच आहेस तर बघून ये यार, त्याचं काय करायचं ते,' इति टीममेट.

काकांनी दार उघडलं. "ये बाबू, बस. च्या घेशील नं?" चहा येईपर्यंत मी आणि काळवीट एकमेकांकडे बघत बसलो. पिळाची शिंगं अजून झकास, पण एक कान तुटलेला, नाकाची कातडी तडकलेली. काचेचे डोळे तेवढे ताजे. एवढ्या वर्षांत त्या डोळ्यांनी किती पाव्हणे पाहिले असतील! "आजोबांकडं लायसन होतं बरं," काका लगेच म्हणाले. हे वाक्य ते प्रत्येक पाव्हण्याला ऐकवत असणार. "कातडं मीठ लावून रेल्वेनं म्हैसूरले पाठवलं होतं. सहा महिन्यांनी पेटी आली."

म्हैसूर म्हणजे अर्थातच 'व्हॅन इंगेन अँड व्हॅन इंगेन'. राजेरजवाडे, गोरे साहेब, जमीनदार, सगळ्यांच्या शिकारी तिथे जायच्या. आपण 'पेंढा भरलेला वाघ' म्हणतो खरं, पण चांगल्या कामात पेंढा नसतोच. कातडं सोलून कमवायचं, प्राण्याच्या मापाचा साचा घडवायचा, त्यावर ते चढवून टाके लपवायचे, डोळे बसवायचे. इंगेनमंडळी साचे कागदाच्या लगद्याचे करत. या कारखान्यातून हजारो वाघ-बिबटे बाहेर पडले. १९९९ साली तो बंद झाला.

माझा एक मित्र अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. तिथे नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस बंदुकीने हरणं मारायचा सीझन असतो. ऑफिसमधले लोक रजा टाकून जातात आणि मारलेलं हरीण प्रोसेसिंगच्या दुकानात नेऊन देतात. तिथे त्याचे तुकडे, खिमा, सॉसेज करून पाकिटं बांधून मिळतात आणि डोकं टॅक्सिडर्मिस्टकडे जातं. आपल्याकडच्या पिठाच्या गिरणीइतकं नॉर्मल! खाप्यात असं दुकान काढायचं म्हटलं तर? मी गमतीने विचारलं. काका गमतीच्या मूडमध्ये नव्हते. "काहून, जेलात बसायचं हाय का?"

बरोबरच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकार करायची थोडी फट होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. कायद्यात 'टॅक्सिडर्मिस्ट' हा शब्द आहे, पण तो लायसनशिवाय कोणी हे काम करायचं नाही हे सांगण्यासाठी. चितळाचं मटण विकणं सोडाच, हॉटेलात शिजवून वाढणंही त्याच कायद्यात अडकतं. तेव्हा हायवेवरच्या एखाद्या ढाब्यावर वेटर कानाशी येऊन 'साहेब, जंगली माल आहे' असं पुटपुटला तर निमूट सावजी मटण मागवा. काळवीट प्रकरणात जोधपूरच्या कोर्टाने २०१८ साली सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली होती, ते आठवत असेलच. ती घटना होती १९९८ ची.

पण काकांचा काळवीट कायदेशीर आहे. त्यांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला: ओनरशिप सर्टिफिकेट. घराच्या सात-बाराइतकाच जपलेला. आता गोची बघा. ही वस्तू विकता येत नाही. हौशी मित्राला बर्थडे गिफ्ट देता येत नाही. ती जाते फक्त वारसाकडे आणि वारसाने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवावं लागतं. म्हणजे आज ना उद्या हा काळवीट हिंजवडीच्या टू बीएचकेत येणार! सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय होईल याची कल्पना करा.

आणि तुटलेला कान दुरुस्त करायचा तर कुणाकडे? खाप्यात नाही, नागपूरच्या बाजारातही नाही. महाराष्ट्रात हे काम म्हटलं की एकच नाव पुढे येतं, डॉ. संतोष गायकवाड. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारा हा माणूस २००३ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधले प्राणी बघून भारावला आणि स्वतःच ही कला शिकला. २००९ मध्ये बोरिवलीच्या नॅशनल पार्कात वन्यप्राण्यांचं टॅक्सिडर्मी सेंटर सुरू झालं. तिथे शिकारीचं काही येत नाही. नैसर्गिकरीत्या मेलेले प्राणी, तेही वनखात्याच्या परवानगीने. सुतारकाम, चर्मकाम, शिल्पकला आणि डॉक्टरकी एकाच माणसात जमवणं ही खायची गोष्ट नाही. मला विचाराल तर ही कला मरू नये. दिवाणखाने मात्र तिच्याविना सुखात राहतील.

"मग इकडं मेलेल्या चितळाचं काय होते?" या माझ्या (उसन्या) नागपुरीवर काका हसले. गावकुत्री मागे लागतात, गाडीची धडक बसते, कधी उन्हाळ्यात पाण्यापायी विहिरीत पडतं. मग वनखात्याची माणसं येतात. पंचनामा होतो, डॉक्टर पोस्टमार्टेम करतात आणि बहुतेक वेळा तिथंच जाळून नाहीतर पुरून टाकतात. शिंगासकट. "पहिले सांबरशिंग घरोघरी राहे," काकू आतून म्हणाल्या. "लेकराची छाती भरली का उगाळून लावत." तुमच्याही आजीच्या बटव्यात तो तुकडा असेल. आजीला वाटलं नव्हतं, पण तोही याच कायद्यात येतो.

निघायच्या आधी काकांना एक नवी वाट सांगितली. २०२२ च्या दुरुस्तीने सर्टिफिकेट असलेली अशी वस्तू नोटीस देऊन सरकारजमा करायची सोय झाली आहे. मोबदला शून्य. त्यांनी बराच वेळ कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. मग टीममेटला स्पीकरवर घेतलं.

"बाबा, देऊन टाका ना. मी कुठं ठेवू?"

"अन् आजोबाची आठवण?"

"फोटो आहे ना."

"फोटोत आजोबा हायेत का? बंदूक अन् काळवीट हाय नुसता."

अर्धा तास वाद चालला. ठरलं काहीच नाही. घर दिवाळीनंतर पाडणार आहेत, तोवर अर्ज लिहायचा की नाही हे बघू म्हणाले.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यात जा. पावसाळ्यात पेंचच्या कोअरची गेट्स बंद असतात. याच बाजूला सुरेवानी गेट आहे, तिथे जिप्सीतून चितळांचे कळप निवांत बघता येतात. पेंढा भरलेलेच बघायचे असतील तर नागपूरचा अजब बंगला आहेच, १८६३ पासूनचा. चितळ आणि सांबर दरवर्षी शिंगं गाळतात, काळवीट गाळत नाही. तेव्हा पायवाटेवर एखादं शिंग पडलेलं दिसलंच तर फोटो काढा आणि तिथेच राहू द्या. ते उचलून बॅगेत टाकणंही गुन्ह्यात बसतं.