अर्थवाहक विशेषणांची तरतमता

तळा, जि. रायगड

चि. भाच्यास,

पत्र पोहोचले. ‘एक्स्प्रेसिव्ह’ या इंग्रजी विशेषणासाठी एकच मराठी प्रतिशब्द ठरवून हाती घेतलेल्या पुस्तकाच्या संपूर्ण भाषांतरात तोच योजावा काय, अशी विचारणा त्यात आहे. तसे करू नये. अर्थ पोहोचवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला लावता येईल असे एकच विशेषण मराठीत नाही, कारण अर्थ कोणत्या वाटेने पोहोचतो हे पाहून ही भाषा विशेषण निवडते. आणि ही निवड टाळली, तर वाक्य शुद्ध राहूनही अर्थ पुसट होतो.

या भेदाची मुळे संस्कृत काव्यशास्त्रात आहेत. शब्दाचा रूढ, सरळ अर्थ सांगणारी शक्ती ती अभिधा. तो अर्थ जुळेनासा झाला की त्याच्याशी संबंधित दुसऱ्या अर्थाकडे नेणारी ती लक्षणा. आणि या दोहोंपलीकडचा अर्थ मनात उमटवणारी ती व्यंजना. या शक्तींवरून शब्दाला अनुक्रमे वाचक, लक्षक आणि व्यंजक म्हणतात. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात व्यंजनेला काव्यविचाराच्या केंद्रस्थानी आणले आणि अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या विचाराची व्यवस्थित मांडणी केली. मराठी घरातला एक साधा शब्द या तिन्ही शक्ती दाखवू शकतो. उंबऱ्याबाहेर पडणारा माणूस ‘येतो’ म्हणतो, तेव्हा अभिधेने मिळणारा ‘येणे’ हा अर्थ प्रसंगाशी जुळत नाही; लक्षणेने ‘निघतो’ हा अर्थ घ्यावा लागतो; आणि ‘जातो’ हा अशुभ वाटणारा शब्द टाळल्यामुळे, सुखरूप परतण्याची जी इच्छा न बोलता घरच्यांपर्यंत जाते, ती व्यंजनेने जाते.

शालेय व्याकरणातही हीच तरतमता दिसते. संख्यावाचक विशेषण संख्या थेट सांगते, म्हणून ते वाचक. ‘हा’, ‘तो’ ही सर्वनामे वस्तूकडे बोट दाखवतात, म्हणून ती दर्शक. ‘पण’, ‘परंतु’ ही न्यूनत्वबोधक अव्यये दोन वाक्यांमधला उणेपणाचा संबंध लक्षात आणून देतात, म्हणून ती बोधक. व्याकरणकारांमध्ये या संज्ञांबाबत मतभेद आढळतात आणि प्रत्येक नाव काटेकोर निकषावर बेतलेले आहे असेही नाही. तरीही भाववाचक नामाला ‘भावसूचक नाम’ म्हटले, तर मराठी कानाला ते खटकते.

याच मालिकेतला आणखी एक शब्द ‘द्योतक’, म्हणजे उजळून दाखवणारा. यास्काच्या ‘निरुक्ता’त उपसर्गांविषयीचा जुना वाद नोंदलेला आहे. शाकटायनाच्या मते उपसर्गाला स्वतंत्र अर्थ नसतो, नाम किंवा क्रियापद यांच्यातलाच विशेष तो प्रकट करतो, म्हणजे तो केवळ द्योतक असतो; गार्ग्याच्या मते उपसर्गांनाही स्वतःचे अर्थ असतात. प्रहार, विहार, संहार हे शब्द शेजारी ठेवले, की हा वाद अजूनही का विचारात घ्यावा लागतो ते समजते. आज ‘द्योतक’ हा शब्द एखाद्या स्थितीची साक्ष देणाऱ्या गोष्टीला लावतात. तळा तालुक्यातील कुडे लेण्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील ब्राह्मी लिपीतील दानलेखांत दात्यांची नावे आणि नाती आहेत, काही ठिकाणी व्यवसायही आहेत. माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशी माणसे त्यांत भेटतात. ‘देयधम’ हा शब्द तेथे धर्मदानाचा वाचक आहे; मात्र इतक्या निरनिराळ्या व्यवसायांच्या माणसांनी लेणी आणि पाण्याची टाकी दान द्यावीत, ही गोष्ट राजपुरी खाडीच्या परिसरातील तत्कालीन संपन्नतेची द्योतक आहे. लेखातल्या एकाही शब्दात ती संपन्नता सांगितलेली नाही.

‘सूचक’ हे विशेषण जपून वापरावे. थोडे दाखवून उरलेले ऐकणाऱ्यावर सोपवणारे हास्य किंवा मौन सूचक असते. निवडणुकीच्या अर्जावर मात्र उमेदवाराचे नाव सुचवणारा मतदार तो सूचक, आणि तेथे आडपडद्याचा प्रश्नच येत नाही.

आता ‘एक्स्प्रेसिव्ह’ या मूळ विशेषणाकडे वळता येईल. डोळे आणि चेहरा यांना मराठीत ‘बोलका’ म्हणतात. गायन भावपूर्ण असते. गद्यशैली अर्थवाही असते. आणि कवितेतील जो शब्द स्वतःच्या अर्थापेक्षा अधिक काही जागवतो, तो व्यंजक असतो. ‘अभिव्यक्तिक्षम’ हा घडवलेला शब्द भाषेच्या किंवा माध्यमाच्या सामर्थ्याची शास्त्रीय चर्चा चालली असेल तेथे शोभतो. बाळाच्या डोळ्यांना तो लावला, तर वाक्यातला जिव्हाळाच जातो. कॅंडीच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशापासून आजपर्यंतचे कोश एका शब्दापुढे अनेक प्रतिशब्द देतात, पण त्यांतला कोणता कोठे बसेल याची जबाबदारी भाषांतरकारावरच राहते. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी दोन गोष्टी पाहाव्यात: अर्थ कशातून व्यक्त होतो, आणि तो सांगितला जातो, दाखवला जातो, सुचवला जातो की त्याची केवळ साक्ष मिळते. त्यांची उत्तरे मिळाली, की विशेषण बहुधा आपोआप सापडते. शब्द वेगवेगळे आले म्हणून भाषांतरात विसंगती येईल, ही भीती बाळगू नये. मूळ लेखकाशी खरी निष्ठा राखायची, तर त्याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी नेमका उतरला पाहिजे.

पुढील प्रकरण तयार झाले की पाठवावे.

मामाचे आशीर्वाद