हक्काचा तळ

अनुवादकाचा धंदा मोठा चमत्कारिक आहे. पानेच्या पाने झरझर उतरतात आणि एखाद्या साध्या शब्दापाशी लेखणी अडून बसते. गेल्या माघात माझ्या मेजावर असाच एक लेख येऊन पडला. विषय होता अमेरिकेतील चाकांवरच्या संसारांचा. मोटारीलाच घर मानून वर्षानुवर्षे फिरणारी ही मंडळी काही जणांच्या गटाने मिळून जमीन विकत घेतात, प्रत्येकाच्या गाडीपुरती जागा आखतात, पाण्याची व विजेची सोय करतात आणि थकले, आजारी पडले किंवा थंडी वाढली की तेथे परततात. १९७८ साली जो आणि के पीटरसन या दांपत्याने स्थापन केलेली 'एस्केपीज' ही संस्था अशा लोकांचीच. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे तिचे ठाणे आहे. गाडी कोठेही असो, टपाल तेथे येते आणि पुढे रवाना होते.

त्या सामाईक जमिनीला मराठीत काय म्हणावे? 'घर' म्हणावे, तर घर त्यांच्याबरोबरच फिरते. 'गाव' म्हणावे, तर तेथे बारमाही कोणी राहत नाही. 'मुक्काम' हा शब्द फार क्षणिक, आणि 'बिऱ्हाड' तर विंचवाच्या पाठीवरचे. मी जागा कोरी ठेवून पुढे गेले. तो शब्द कोणत्याही कोशात सापडला नाही, तो सापडला एका विळीच्या निमित्ताने.

आम्ही बंगळूरला केंगेरीच्या पलीकडे राहतो. आमच्या गल्लीच्या टोकाला, एका मोकळ्या भूखंडाच्या कडेला एक जुना टेम्पो येऊन उभा राहिला होता. मागच्या हौद्यावर ताडपत्री ताणलेली, चाकाशी बांधलेले कुत्रे, आणि जमिनीत खणलेल्या लहानशा भट्टीजवळ घणाचे ठोके. पुरुष सांडशीने तापले लोखंड धरून बसला होता आणि त्याची बायको दोन्ही हातांनी घण घालीत होती. हे दृश्य ओळखायला मला क्षणही लागला नाही. हे घिसाडी. लहानपणी आजोळी त्यांच्या बैलगाड्या येत. बैलांच्या जागी आता टेम्पो आला होता, एवढाच फरक.

मी विळी घेऊन गेले. भात्याशी बसलेल्या म्हाताऱ्या बाईला मोडक्यातोडक्या कानडीत दर विचारला, तर ती हसून स्वच्छ मराठीत म्हणाली, "बोला की ताई आपल्या भाषेत. मिरजेकडचीच दिसताय."

"तासगावकडची," मी म्हणाले. "मावशी, तुम्ही ओळखलंत कसं?"

"विळी तिकडची हाय. इकडं असली पात नसती." मग पात अंगठ्याने चाचपीत तिने विचारले, "गाव कोणतं म्हणायचं तुमचं?"

मी गावाचे नाव सांगितले. या गावात मी सलग महिनाभर कधी राहिलेली नाही. जन्म पुण्याचा, शिक्षण कोल्हापूरचे, लग्नानंतर बंगळूर. तरीही कोणी विचारले की तेच नाव जिभेवर येते. सवयीने मीही तोच प्रश्न उलट विचारला. ती थोडा वेळ भाता ओढीत राहिली आणि म्हणाली, "आमचं गाव आता ठरायचंय."

पुढे पंधरा दिवस मी येता-जाता तेथे थांबत असे. म्हातारीचे तीन मुलगे, एक जावई आणि दोन पुतणे अशी सहा कुटुंबे. दिवाळीनंतर ती पांगतात. कोणी कराडकडे, कोणी विजापूरकडे आणि हे एक कुटुंब येथवर. विळे, खुरपी, कोयते, कुऱ्हाडी, उलथणी घडवावीत, धार लावून द्यावी आणि कोणी उठवले की पुढे जावे. सहाही घरांनी मिळून पाच वर्षे पैसा साठवला होता. सांगली जिल्ह्यात रस्त्याच्या कडेची एक पडीक जमीन पाहून ठेवली होती. गाड्या उभ्या राहतील, भट्टी पेटवता येईल, पोरे शाळेत जातील आणि म्हाताऱ्या माणसांना पावसात टेम्पोखाली झोपावे लागणार नाही, एवढाच मनोरथ.

"मग अडलं कुठं?" मी विचारले.

"पैसा घेऊन गेलो. लिहिणारा म्हणला, तुम्ही शेतकरी न्हाई. शेतकऱ्यालाच जमीन घेता येती."

घरी येऊन मी यजमानांना विचारले. त्यांना कायद्याचे थोडे ज्ञान आहे. लिहिणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. कसणाऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण ज्याच्या आज्याकडेही जमीन नव्हती, त्याच्या वाटेत तोच कायदा भिंतीसारखा उभा राहतो. बिनशेती भूखंड कोणालाही घेता येतो, परंतु त्याच्या दरात या सहा कुटुंबांना सहा टेम्पोही उभे करता आले नसते. कर्नाटकाने २०२० साली आपल्या कायद्यातील अशी अट काढून टाकली, तेव्हा सीमेअलीकडे अथणीच्या बाजूला जमीन घेता आली असती. पण नातवंडांच्या सवलती महाराष्ट्रातल्या. तेथे घिसाडी भटक्या जमातींच्या 'ब' गटात मोडतात. सीमा ओलांडून कायमचे इकडे आले की तो आधार सुटतो.

महाराष्ट्र शासनाची यासाठी एक योजना आहे, हे मला ठाऊक होते. २०११ साली सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि तीवर २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद झाली. वीस कुटुंबांची एक वसाहत कल्पिलेली, म्हणजे शंभर गुंठे, अडीच एकर. मी मोठ्या उत्साहाने हे मावशींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. धाकटा मुलगा तेथेही जाऊन आला होता. जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ रोजी कुटुंब महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा हवा.

"त्या दिवशी माझा सासरा कुठल्या झाडाखाली व्हता, ते झाडालाच ठावं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, याचेच मला अधिक वाईट वाटले.

वाचकहो, आता मला माझ्या घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच आठवड्यात थोरल्या भावाकडून एक जाड लिफाफा आला होता. वडील वारल्यावर गावच्या सव्वा एकरावर वारस म्हणून आम्हा तिघा भावंडांची नावे सात-बारावर सामाईक चढली. ती जमीन आणि पडके घर विकावे असे भावाच्या मनात होते, आणि त्यासाठी माझे हक्कसोडपत्र त्याला हवे होते. मी सही करणारच होते. तेथे कोण जाते? चिंच, आड, ढासळलेली ओसरी यांचे मी करणार काय? लिफाफा विळीच्या शेजारी फळीवर पडून होता. एके सकाळी भाजी चिरायला विळी काढताना दोन्हींवर एकदम दृष्टी गेली आणि मी चपापले. जिने जन्मभर शेतकऱ्यांचे विळे घडवले ती कायद्याने शेतकरी नव्हे, आणि जिने हातात विळा कधी धरलाच नाही ती मी मात्र सात-बाराच्या उताऱ्यावर शेतकरी! जो हक्क मी एका सहीने टाकून द्यायला निघाले होते, तो मिळावा म्हणून सहा घरे पाच वर्षे पोटाला चिमटा घेत होती.

त्या रात्री मी या विषयावरचे जुने कागद काढून बसले. भटक्यांना स्थिर करण्याचा विचार आपल्या देशात नवा नाही. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. राजस्थानचे गाडिया लोहार १५६८ मध्ये चितोड पडल्यापासून, गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही अशी शपथ पाळीत बैलगाडीतच संसार करीत आले, अशी परंपरा आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये पंडित नेहरूंनी त्यांना सन्मानाने चितोडगडावर नेले. शपथ सुटली, तरी गाड्या सर्वांच्या थांबल्या नाहीत, कारण लोखंडाचे काम गावोगाव विखुरलेले होते. ज्या वसाहतीत भट्टीला जागा नाही, तेथे लोहार किती दिवस राहणार?

नुसती जमीन विकत घेऊनही भागत नाही, हे इंग्लंडने दाखवले. तेथे १९६८ च्या कायद्याने फिरस्त्यांच्या गाड्यांसाठी तळ पुरवणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. १९९४ साली ते बंधन निघाले आणि तुमची जागा तुम्ही पाहा, असे त्यांना सांगण्यात आले. एसेक्समधील डेल फार्म येथे काही कुटुंबांनी तशी जागा घेतलीही. पण तिच्या एका भागावर राहण्याची परवानगी मिळाली नाही आणि २०११ च्या ऑक्टोबरात मालकीच्या जमिनीवरूनच त्यांना हलवले गेले.

याउलट एक उदाहरण आमच्या बंगळूरच्या जवळचेच आहे. बन्नेरघट्ट्यापाशी हक्किपिक्की लोकांची वसाहत आहे. कानडीत हक्की म्हणजे पक्षी. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे पारधी. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, पण फिरणे संपले नाही. हुणसूर तालुक्यातील पक्षिराजपूर आणि तशाच इतर वस्त्यांतले हे लोक वनौषधी व तेले घेऊन थेट आफ्रिकेपर्यंत जातात. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा कर्नाटकातले कित्येक हक्किपिक्की तेथे अडकले होते. भारत सरकारने 'ऑपरेशन कावेरी'द्वारा त्यांना परत आणले. परत आणले, म्हणजे कोठे आणले? आपापल्या वस्तीवर. जमिनीने त्यांचे पाय बांधले नव्हते, परतण्याची दिशा मात्र दिली होती.

मी भावाला पत्र लिहिले. हक्कसोडपत्रावर सही करणार नाही, हे पहिल्याच ओळीत लिहिले. त्याला राग येईल हे ठाऊक होते. आजोबा दर वर्षी घरामागच्या चिंचेखाली घिसाड्यांना उतरू देत, याची आठवण दिली. आपण कुंपण घातल्यावर ते कोठे उतरत असतील, असेही विचारले. शेवटी त्याची अडचण काय आहे ते मोकळेपणाने कळवायला सांगितले, कारण पैशाची गरज असल्यावाचून तो विकायला निघाला नसता.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. भाऊ रागावला होताच. पण पत्राच्या तळाशी दोन ओळी होत्या : "विक्री तूर्त थांबवतो. चिंचेकडच्या कुंपणाला फाटक बसवून घेतो. कोणी आले तर पावसाळाभर राहू दे." हे काही सहा कुटुंबांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उपकाराने मिळालेली सावली आणि नावावरची जमीन यांतले अंतर मला कळते. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी करावयाचा अर्जही मी मावशींच्या मुलाला लिहून दिला. सहाही कुटुंबांची नावे त्यात आली पाहिजेत, एकट्याच्या नावे जमीन घेऊ नका, हे दोनदा बजावले. एकाच्या नावावर घेतलेली जागा पुढच्या पिढीत एकाचीच होते. भावाभावांत कागद हवाच, हे माझ्या घरानेच मला नुकते शिकवले होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी मावशींनी विळीला पुन्हा एकदा धार लावून दिली आणि पैसे घेतले नाहीत. मी विचारले, "मावशी, तुम्हाला नेमकं हवं तरी काय? घर?"

"घर हाय की," टेम्पोवर थाप मारीत त्या म्हणाल्या. "जिथनं कुणी उठवणार न्हाई असा तळ पायजे. हक्काचा. मग फिरू की खुशाल."

दुसऱ्या दिवशी भूखंडाच्या कडेला फक्त भट्टीची राख उरली होती. मी कचेरीत गेले, महिनाभर कोरी ठेवलेली जागा काढली आणि तीत दोन शब्द लिहिले : हक्काचा तळ. अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. फाटक मात्र बसले आहे, असे भावाने कळवले आहे.