दादाची जर्मन गाडी

दादाने गाडी घेतली हे मला वसतिगृहात कळले. मला वाटले, घेतली असेल एखादी जुनी जीप. विटा रस्त्याला त्याचे ट्रॅक्टर-दुरुस्तीचे गॅरेज आहे. पत्र्याची शेड, एक चेनब्लॉक आणि ऊसवाल्यांकडची उधारी, एवढाच पसारा. सुट्टीत घरी गेलो तर गोठ्याशेजारी, कडब्याच्या गंजीला पाठ लावून, काळीभोर बीएमडब्ल्यू उभी! 320 डी, 2010 सालची. लेथ घेण्यासाठी साठवलेले पैसे तिच्यात गेले होते. अण्णा तिच्याकडे पाहतही नव्हते. "लेथनं पोट भरलं असतं. हिला काय खायला घालणार?" एवढेच ते एकदा बोलले.

ती एवढ्या स्वस्तात मिळाली याला कारण दिल्ली. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या राजधानीच्या परिसरात चालवू नयेत, असा आदेश हरित लवादाने 2015 साली दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो उचलून धरला. मग तिथल्या चांगल्या चांगल्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन पडेल भावात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. त्यांतलीच ही एक. जर्मन म्हणायची, पण हिच्या पिढीच्या गाड्यांची जुळणी 2007 पासून चेन्नईजवळच्या कारखान्यात होत असे. म्हणजे जात जर्मन आणि बाळंतपण तमिळनाडूत.

दादाला तिचे वेड लागले ते तिच्या दिमाखामुळे नव्हे. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाके गाडी ओढतात. हिची मागची चाके ढकलतात, जुन्या अँबॅसिडरसारखी. शिवाय वजन पुढे-मागे जवळजवळ सारखे वाटलेले. त्याच हिशेबात बॅटरीसुद्धा डिकीत ठेवलेली. "बैल दोन्ही बाजूनं सारखे जुंपल्यागत," असे दादा म्हणतो. ती बॅटरी बदलली तर गाडीच्या संगणकाला तसे कळवावे लागते. दादाला याचे फार हसू आले. म्हणाला, "रेशनकार्डावर नाव चढवायचं म्हण की!"

फेरफार आम्ही फारसे केले नाहीत. मूळचे टायर हवा गेली तरी हळू वेगाने काही अंतर चालतील असे, कडेला जाड आणि कडक. आपल्या रस्त्यांवर त्यांनी पाठीचे मणके मोजून दिले. ते काढून दादाने साधे टायर घातले. पण त्या टायरांच्या भरवशावर कंपनीने स्टेपनीला डिकीत खड्डाच ठेवलेला नाही. त्यामुळे आमची स्टेपनी डिकीत दोरीने बांधलेली असते. गावातली पोरे सायलेन्सर बदलायला सांगत होती. तिथे माझे राज्यशास्त्र कामी आले. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल मी दादाला वाचून दाखवला. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत, हे ऐकून तो म्हणाला, "बरं झालं, खर्च वाचला."

खरा खर्च पुढेच होता. दिवाळीच्या सुमारास इंजिनातून खरखर येऊ लागली, जात्यात खडा आल्यासारखी. या इंजिनाची टायमिंग चेन पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे. ती घसरली किंवा तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि सारा खेळ संपतो. पुण्यातल्या एका वर्कशॉपने सव्वादोन लाख सांगितले. दादाने फोन ठेवला आणि चेनब्लॉकला ग्रीस लावले.

दुरुस्तीचे पुस्तक इंग्रजीत. दादा सातवीनंतर शाळेत गेला नाही. तेव्हा वाचायचे मी आणि करायचे त्याने. अभ्यास सोडून मी आठवडाभर शेडमध्ये मोबाइल धरून बसलो. काही बोल्ट आधी ठराविक जोराने आवळायचे आणि मग ठराविक अंश फिरवायचे असतात. ते अंश मी भाकरीवर बोटाने रेघा ओढून सांगितले. मला वाटले, आपल्या इंग्रजीचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग होतो आहे. थोडी ऐट आलीच होती, हे खोटे कशाला सांगू?

सहाव्या दिवशी संध्याकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून परत बसवले. रात्री अंथरुणावर पडून मी ते पान पुन्हा चाळत होतो, तर बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. फ्लायव्हीलचे बोल्ट प्रत्येक वेळी नवे घालावेत. ही ओळ मी दुपारी पाहिली होती. सूचनांखालची किरकोळ टीप समजून वगळली होती. आम्ही जुनेच बोल्ट धुऊन घातले होते.

झोप लागेना. न सांगावे तर कदाचित काहीच होणार नाही. त्या गाडीत उद्या वहिनी आणि लहानगी बसणार. सांगावे तर सगळे पुन्हा उतरवायचे, आणि दादा पुन्हा माझ्याकडून काही वाचून घेईल का? पहाटे तो गोठ्यात धारा काढत होता, तिथे जाऊन सांगितले.

तो बराच वेळ बोलला नाही. बादली भरली तशी उठला. मग म्हणाला, "एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तसाच धरंल कशावरनं? हे मलाबी सुचाय पायजे हुतं." एवढे बोलून त्याने पुण्याला फोन लावला. बोल्ट तिसऱ्या दिवशी एस.टी.च्या पार्सलने आले. तोवर इंजिन पुन्हा चेनब्लॉकला लटकत होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण "झालं का?" म्हणून विचारत होता. या खेपेला मी प्रत्येक ओळ दोनदा वाचली. दादा वैतागून म्हणाला, "अरे, हे पान क्रमांक कशाला वाचतोस?"

गाडी सुरू झाली तेव्हा खरखर गेली होती. अण्णा गोठ्याच्या दारात उभे होते. त्यांनी विचारले, "आता ट्रॅक्टर कधी घेणार? पाटलाचा चार दिवस पडलाय."

आता ऑइल फिल्टरच्या बैठकीखालचे गॅसकेट पाझरते आहे. नवे शुक्रवारी येईल. त्याचे पान मी आधीच वाचून ठेवले आहे.