मोठेपणी कोण होणार?

आमच्या लहानपणी घरी पाहुणे आले की त्यांच्यापुढे आम्हां मुलांना उभे करण्याची पद्धत होती. पाहुण्यांनी चहाचा घोट घ्यायचा, बशी खाली ठेवायची आणि विचारायचे, "काय रे बाळ, मोठेपणी कोण होणार?" बाळाने "डॉक्टर" म्हणायचे, पाहुण्यांनी "वा वा" म्हणायचे आणि आईने आतून लाडू आणायचा. माझ्या एका चुलतभावाने एकदा "मी आगगाडीचा गार्ड होणार" असे खरे उत्तर दिले. पाहुणे हसले, काका ओशाळले आणि त्या दिवशी लाडवाचा डबा जरा उशिराच उघडला. तेव्हापासून तोही शहाण्यासारखा डॉक्टर होऊ लागला. पुढे तो बँकेत लागला, ही गोष्ट वेगळी.

हाच प्रश्न साठी उलटल्यावर पुन्हा माझ्या वाट्याला येईल, आणि तोही विचारणाऱ्याच्या भूमिकेत, असे मला वाटले नव्हते. कळंबोलीच्या लोखंडबाजारात एका पेढीवर मी तेहेतीस वर्षे कारकुनी केली. सळया, पत्र्याच्या गुंडाळ्या, अँगल, चॅनेल यांची बिले आणि बिलट्या लिहिण्यात जन्म गेला. निवृत्त झालो, आणि दुसऱ्याच महिन्यात जवळच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई घरी आल्या. म्हणाल्या, "काका, नववी-दहावीच्या मुलांना व्यवसायांविषयी कुणीतरी सांगायला हवे. शनिवारी एक तास याल का?" मी म्हणालो, "बाई, मला एकच व्यवसाय ठाऊक आहे, आणि तोही मी निवडलेला नाही." बाई म्हणाल्या, "मग तेच सांगा."

पहिल्या शनिवारी मी तो जुना प्रश्नच फळ्यावर लिहिला. उत्तरे भराभर आली: डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, पुन्हा इंजिनिअर. बऱ्याच जणांना "विमानतळावर" लागायचे होते. तेथे नेमके काय करायचे, हे मात्र कुणी सांगेना. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाल्यापासून आमच्याकडे घरोघरी हाच एक शब्द ऐकू येतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "ट्रक ड्रायव्हर." वर्ग खो-खो हसला. मला चुलतभावाचा लाडू आठवला. मी त्याला शाबासकी दिली. पण ती देताना माझा आवाज जरा जास्तच मोठा लागला, हे माझे मलाच कळले.

खरे म्हणजे कळंबोलीत ट्रकला हसावे, याइतकी कृतघ्नता नाही. आमचे हे गाव चाकांवर उभे आहे. एके काळी येथे भाताची खाचरे होती. 1970 साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या आणि शेताच्या जागी सेक्टर आले. मुंबईतल्या दाटीतून लोखंडाचा बाजार इकडे आला. 1989 मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि कंटेनरांची रांग लागली. 2002 मध्ये पुण्याचा द्रुतगती मार्ग पुरा झाला. तो आमच्या दारातूनच निघतो. म्हणजे आजोबा भात लावीत होते, वडील गाडी चालवतात आणि नातू विमानाकडे बघतो. तीन पिढ्यांत गावाने तीन धंदे बदलले. साठ वर्षांपूर्वी एखाद्या जाणत्याने येथल्या पोराला "पुढे काय करू?" याचे उत्तर दिले असते, तरी त्यात बंदर कोठून आले असते? ही गोष्ट ध्यानात आल्यावर मी मुलांना सल्ला देण्याचे बंद केले आणि त्यांना घेऊन बाहेर पडलो.

बाईंनी परवानगी काढली. शनिवारमागून शनिवार आम्ही माणसे बघत हिंडलो: काटेवाला, गॅस-कटरवाला, क्रेनचालक, माथाडी मुकादम, कस्टमची कागदपत्रे करणारा, दवाखान्यातली परिचारिका, टायर बसवणारा. प्रत्येकाला पाचच प्रश्न विचारायचे असे ठरले. सकाळी किती वाजता उठता? काम शिकलात कुठे? पहिल्या महिन्याला हातात काय पडले? यात आवडते काय? नकोसे वाटते काय? मला वाटले होते, माणसे टाळतील. पण काम करणाऱ्या माणसाला त्याच्या कामाविषयी सहसा कुणी विचारीत नाही. विचारले की तो हातातला चहा निवेपर्यंत बोलत राहतो.

मुलांनी जे टिपून आणले त्यातले पुष्कळ मलाही नवे होते. दहावीनंतर आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आणि फिटर-इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा असतो. दोन वर्षांचा पुरा केला की तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि तेथून पुढे पदवीलाही. म्हणजे ज्याला आपण बंद गल्ली समजतो, तिला पलीकडून वाट असते. कस्टमच्या कामात पडलेला माणूस परीक्षा देऊन स्वतःचे कार्ड मिळवतो, तेव्हा त्याचा मान वाढतो. 1969 च्या कायद्याने माथाडींची मंडळे झाली आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला. एका मुलीने गॅस-कटरवाल्याला सहावा प्रश्न विचारला, "काका, तुमच्या डोळ्यांचं काय?" तो क्षणभर गप्प झाला. मग खिशातला काळा चष्मा काढून म्हणाला, "आता लावतो. आधीची दहा वर्षं नाही लावला." तिच्या वहीत त्या दिवशी हेच एक वाक्य होते.

वजनकाट्यावर तर मौजच झाली. रिकामी गाडी आधी तोलायची, मग भरलेली. मधला फरक म्हणजे माल. हे समजावून दिल्यावर काटेवाल्याने सबंध वर्गच काट्यावर उभा केला. अडतीस मुले भरली सोळाशे चाळीस किलो. मग एक बारकेला पोरगा म्हणाला, "मला एकट्याला मोजा ना." काटेवाला हसून म्हणाला, "बाळा, हा दहा-दहा किलोंनीच मोजतो. तुझं नेमकं वजन ह्याच्यावर नाही कळायचं."

मला आपल्या राज्यातली कल चाचणी आठवली. 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची ती परीक्षा होत असे, आणि कुणाचा ओढा कलेकडे, कुणाचा तंत्राकडे, ते कागदावर छापून मिळे. ती वाईट होती असे मी म्हणणार नाही. ज्या घरात कुणी काही विचारीतच नाही, त्या घरात निदान तो कागद तरी विचारी. पण लाखो मुलांना तोलणारा काटा मोठाच असणार. एकट्या पोराचे नेमके वजन त्यावर कसे कळावे?

आणि माणसाचा कल तरी एकदाच कोठे ठरतो? लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायचे म्हणून मुंबईला जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले की डोळ्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले, शिक्षक झाले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर केला, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पंधराव्या वर्षी त्यांना कुणी "कोण होणार?" विचारले असते, तर त्यांनी नांगर म्हटले नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांना शिकता शिकता राबायला लावले. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण द्यावे असे मांडले. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी 1983 पासून तेच करून दाखवले. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना कामे बघण्याचे सांगितले आहे. विचार जुनाच आहे. आपण तो दर पिढीला नव्याने ऐकतो आणि शिकवणीच्या वर्गाची फी भरून येतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी मुलांना नोकरीचा अर्ज लिहायला सांगितला. अडतीस अर्ज आले आणि अडतीसही अर्जदार "मेहनती, प्रामाणिक व होतकरू" होते. मी सारे परत दिले. म्हणालो, "हे शब्द काढा. तुम्ही आजवर हातांनी काय केलेत, तेवढेच लिहा." पुष्कळांनी "काहीच नाही" असे लिहिले. एका मुलीने मात्र लिहिले: "आई जेवणाचे डबे देते. मे महिन्यात आई आजारी होती तेव्हा चौदा डबे मी सांभाळले. दोघांना कांदा-लसूण चालत नाही, एकाला मधुमेह आहे. तिघांचे पैसे थकले होते, त्यांतले दोघांचे वसूल केले." मी तेहेतीस वर्षे पेढीवर माणसे येता-जाता पाहिली, याहून चांगला अर्ज पाहिला नाही. तो वर्गात वाचून दाखवला तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. तिला वाटत होते की ही घरातली अडचण आहे. हे काम आहे, असे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

आता त्या ट्रकवाल्या मुलाविषयी.

एका संध्याकाळी त्याचे वडील माझ्या दारात उभे राहिले. सांगलीकडचा माणूस, वीस वर्षे बंगलोरच्या रस्त्यावर गाडी चालवलेली. बस म्हटले तर बसेनात. पाठीचा मणका दुखावलेला होता, त्यामुळे खुर्चीच्या कडेला टेकले. म्हणाले, "काका, तुम्ही माझ्या पोराला शाबासकी दिली म्हणं. चार-चार दिवस बंदराच्या रांगेत काढलेत मी. मुलगा चालायला लागला ते मी फोनवर ऐकलं. त्याच्या हातात स्टेअरिंग जाऊ नये म्हणून तर मी ते धरलं. अन् तुम्ही त्याला शाबास म्हणता?"

मला उत्तर सुचले नाही. त्याचे कारण निराळे होते, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. माझा मुलगा दहावीला बरे गुण मिळवून पास झाला तेव्हा त्याला स्वयंपाकाचे शिक्षण घ्यायचे होते. मी म्हणालो, "कारकुनाचा मुलगा आचारी होणार? मग मी एवढी लेखणी कशाला झिजवली?" मी त्याला इंजिनिअरिंगला घातले. तो भांडला नाही. चार वर्षांचा अभ्यास त्याने सहा वर्षांत पुरा केला, पदवी माझ्या हातात दिली आणि पुण्याला निघून गेला. आज तो एका कचेरीत नोकरीला आहे. फोन करतो, पैसे पाठवतो. पण घरी आला की स्वयंपाकघरात पाऊल टाकीत नाही.

पुढ्यात बसलेल्या त्या माणसात आणि माझ्यात फरक काय होता? त्याने निदान पाठ झिजवली होती. दोघांनाही मुलाच्या वाट्याला आपले जिणे यायला नको होते. आणि ते न येण्यासाठी काय हवे, हे दोघांनीही मुलाला विचारले नव्हते.

मी एवढेच म्हणालो, "सुट्टीत एकदा त्याला गाडीवर घेऊन जा. तुम्ही जे मला सांगितलेत ते त्याला बघू दे."

ते नाखुशीनेच घेऊन गेले. सहा दिवसांनी पोरगा परतला तो काळवंडून. बंदराबाहेरची रांग त्याने पाहिली, डासांत झोपला, ढाब्यावर पोट बिघडले. माझी वही त्याने नीट भरून आणली होती. "नकोसे वाटते काय?" याखाली पान भरून मजकूर होता. "आवडते काय?" याखाली एकच ओळ: "घाटात गाडीचा आवाज बदलला तेव्हा बाबांच्या आधी मला कळले. पंपात हवा गेली होती."

त्याला ड्रायव्हर व्हायचे नव्हते, त्याला इंजिन ऐकायचे होते. हे आम्हां तिघांनाही ठाऊक नव्हते, त्यालासुद्धा. दहावीनंतर त्याने आयटीआयला मोटार मेकॅनिकसाठी अर्ज भरला. मी येथे आनंदाने टाळ्या वाजवाव्यात, अशी गोष्ट संपलेली नाही. अर्ज भरायच्या दिवशी वडील म्हणाले, "म्हणजे हात काळेच राहणार. अन् सगळ्या गाड्या विजेवर गेल्यावर हा काय ऐकणार, काका?" प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "ते मला सांगता येत नाही. पण ज्याला एकाचा आवाज ओळखता आला, तो दुसऱ्याचा शिकेल, एवढे वाटते."

ते बराच वेळ अर्जाकडे बघत राहिले. मी सहज विचारले, "तुम्हाला हो काय व्हायचे होते?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाले, "मला कुणी इचारलंच नाही." आणि खिशातून पेन काढून पालकाच्या जागी त्यांनी सही केली.

त्या रात्री मी पुण्याला फोन लावला. इकडचे तिकडचे बोलणे झाले. हवा, गुडघे, गाडीचे आरक्षण. शेवटी म्हणालो, "दिवाळीला येशील तेव्हा चकलीची भाजणी तुझ्या हातची करू या म्हणतो. मला काही जमत नाही." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, फोन तुटला.

मग तो म्हणाला, "बाबा, धने जरा जास्त भाजून ठेवा. पण करपवू नका."

यंदा डबा घेऊन मी वाण्याकडे स्वतः गेलो होतो.