पितळी वस्तू, नग एक

श्री. सुभाष कपूर यांस,

तुमची माझी ओळख नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवरचं तुमचं ‘आर्ट ऑफ द पास्ट’ हे दालन मी कधी पाहिलेलं नाही. तरीही हे पत्र लिहायला बसलो, त्याला कारण माझ्या टेबलाच्या खणात पडलेली एक पावती आहे.

काही वर्षांपूर्वी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मला पितळेची अन्नपूर्णा दिसली. वीतभरसुद्धा नव्हती. आमच्याकडे लग्नात मुलीला माहेरून देतात, तशी. चिंच लावून घासून घासून तिचं नाक पुसट झालं होतं, डोळ्यांच्या जागी नुसत्या रेघा उरल्या होत्या. मांडीवरच्या पळीच्या खाचेत मात्र कुंकू अजून घट्ट बसलेलं होतं. दुकानदाराला विचारलं, ही कुठली? म्हणाला, “जुन्या वाड्यातला माल आहे.” कुठल्या वाड्यातला, यावर तो काही बोलला नाही. पावती हवी तर देतो म्हणाला, आणि दिली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘पितळी वस्तू, नग १’. मी ती मूर्ती घेतली. निदान पूजेत तरी राहील, असं तेव्हा वाटलं होतं. कुणाच्या तरी पणजीने हातात धरलेला देव एका ओळीत वस्तू झाला आणि त्या व्यवहारात मीही होतो, हे पुढे तुमच्याविषयी वाचताना लक्षात आलं.

तुमच्याविषयी वाचायला लागलो तो श्रीपुरंदनच्या नटराजापासून. तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातलं हे लहानसं गाव, तिथलं बृहदीश्वराचं देऊळ चोळांच्या काळातलं. कावेरीकडचा हा मुलूख मराठी माणसाला अगदीच परका नाही. तंजावरला भोसल्यांनी राज्य केलं, तिथल्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला लांबलचक मराठी शिलालेख आहे. श्रीपुरंदनच्या देवळात मात्र पूजाअर्चा बंद पडली होती. मूर्ती कुलपात होत्या. २००६ च्या सुमारास चोर आत शिरले, त्यांनी नटराजासह मूर्ती काढून नेल्या आणि गावाला पत्ता लागला नाही. २००८ मध्ये मूर्ती सुरक्षित जागी हलवायच्या म्हणून देऊळ उघडलं, तेव्हा त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. तोवर तो नटराज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाने तुमच्या दालनाकडून ५१ लाख अमेरिकन डॉलर मोजून घेतलेला होता.

चोळांचा नटराज काय असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचे वडील दिल्लीत याच व्यवसायात होते, तुम्ही लहानपणापासून मूर्ती हाताळल्यात. पण त्या मूर्तीच्या पायाखालच्या पीठाबद्दल मला बोलायचं आहे. त्या पीठाला भोकं असतात. गाभाऱ्यातला मूळ देव लिंगरूपाने जागचा हलत नाही. ही धातूची मूर्ती उत्सवाची. सणाच्या दिवशी तिला न्हाऊमाखू घालतात, रेशीम नेसवतात, हारांनी इतकी झाकतात की चेहऱ्यापलीकडे फारसं काही दिसत नाही. मग पीठाच्या भोकांतून दांडे सरकवून तिला भक्कम बांधतात आणि गावची माणसं ती खांद्यावर घेतात. आमच्याकडे पालखी निघते, तसंच. ज्याला देवळात येता येत नाही त्याच्या दारात देव जातो. तुम्ही विकलेला नटराज दिव्यांच्या झोतात उघडा उभा होता. बघणाऱ्याला त्याच्या पायाचा डौल दिसला, केसांच्या जटा दिसल्या, प्रभावळीच्या ज्वाळा दिसल्या. पीठाची भोकंही दिसली असतील. ती कशासाठी आहेत, हे विकत घेणाऱ्या जाणकारांना नक्की ठाऊक होतं. हा देव कुणाच्या तरी खांद्यावरून उतरवून आणलेला आहे, हे सांगणारी त्याहून ठळक खूण कुठली असणार?

तरीही त्यांनी विश्वास ठेवला, कारण तुमच्याकडे कागद होते.

मला राग आहे तो या कागदांचा. कुलूप तोडणारा चोर मी समजू शकतो, माफ करत नाही. त्याला त्या मूर्तीचे डॉलरमध्ये किती होतात याची कल्पनाही नसते, आणि त्याच्या हातात येते ती रक्कमही तशीच, चिरीमिरी. तो मूर्ती गावाबाहेर काढतो, इतकंच. तिचं गाव पुसून टाकण्याचं काम पुढच्या टेबलावर होतं. चेन्नईहून माल निघाला की नव्या घडवलेल्या मूर्तींत जुनी मिसळायची आणि निर्यातीच्या कागदावर हस्तकलेची वस्तू म्हणून लिहायचं. ‘पितळी वस्तू, नग १’. तिकडे उतरल्यावर उलटा खेळ. आता ती पुन्हा जुनी, अकराव्या-बाराव्या शतकातली, आणि तिला खानदानी मालक हवा. तुमच्या दालनाने कॅनबेराला दाखवलेल्या कागदांप्रमाणे हा नटराज १९७० साली दिल्लीत, सुदानच्या वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याने विकत घेतला होता आणि पुढे त्याच्या पत्नीकडून बाजारात आला.

१९७० हे साल काही चिठ्ठ्या टाकून काढलेलं नव्हतं. सांस्कृतिक ठेव्याच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातला. आपला पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा, लागू झाला १९७६ मध्ये. या रेषेच्या आधीची तारीख कागदावर पडली की विकत घेणाऱ्याची पंचाईत मिटते.

पण पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने वर्षानुवर्षं गावोगावच्या देवळांत जाऊन मूर्तींची छायाचित्रं काढून ठेवलेली आहेत. श्रीपुरंदनच्या नटराजाचं छायाचित्र त्यांच्या संग्रहात १९९४ सालचं आहे. तुमच्या कागदाप्रमाणे जो चोवीस वर्षांपूर्वीच विकला गेला होता, तो आपल्या देवळात उभा आहे! आणि तो दुसराच कुणी नटराज असेल, असं म्हणायची सोय या कलेत नाही. मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं, त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा आणि मग साचा फोडून टाकायचा. कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैचे स्थपती आजही असंच करतात. साचा फुटला की तशी मूर्ती पुन्हा नाही. ओतताना राहिलेला खड्डा, वाकलेली ज्वाळा, जुनं डागकाम, सगळं तिचं तिचं असतं. पत्रकारांनी आणि हौशी अभ्यासकांनी याच खुणा छायाचित्रांशी ताडून पाहिल्या. त्यांच्यात सिंगापुरात जहाजवाहतुकीच्या क्षेत्रात नोकरी करणारे एस. विजयकुमार यांच्यासारखे लोक होते. हे करायला त्यांना कुणी पगार देत नव्हतं.

२०११ च्या ऑक्टोबरात तुम्हाला फ्रँकफर्टच्या विमानतळावर अटक झाली, पुढच्या वर्षी भारतात आणलं गेलं. २०१३ च्या डिसेंबरात तुमच्या दालनाच्या व्यवस्थापकाने न्यूयॉर्कच्या न्यायालयात चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा कबूल केला. १ नोव्हेंबर २०२२ ला कुंभकोणमच्या न्यायालयाने उदयारपाळयम तालुक्यातल्या वरदराज पेरुमाळ देवळातल्या मूर्तींच्या प्रकरणात तुम्हाला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांनी तुमच्याकडून घेतलं, त्यांना काय झालं? कॅनबेराच्या दालनाला त्यांच्याच कायदेसल्लागाराने खरेदीआधी सावध केलं होतं. मूर्तीच्या मालकीचा पुरावा तोकडा आहे, हे त्यांच्यापुढे लेखी होतं. तरी घेतली. तुम्ही मोठमोठ्या संग्रहालयांना भेटवस्तू देत होता, दात्यांच्या पाटीवर तुमचं नाव लागत होतं, आणि ज्याच्या देणगीचे आभार मानले त्याला पावती खरी का, हे विचारायला जीभ रेटत नाही. या भिडेच्या आडोशाने तुमचा धंदा वाढला. अमेरिकन तपासयंत्रणांनी तुमच्या आणि तुमच्या साथीदारांच्या जाळ्यातून परत मिळवलेल्या वस्तू अडीच हजारांच्या वर आहेत, त्यांची किंमत १४ कोटी डॉलरच्या पुढे जाते. आणि आमच्या १९७२ च्या कायद्यात चोरट्या निर्यातीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं.

आमचीही चूक आहे, ती मी झाकणार नाही. देवळाला कुलूप घालून आम्ही निघून गेलो. आजीच्या माघारी देवघरातले टाक मोडीत घातले. दिवेआगरच्या सुवर्णगणेशासाठी २०१२ मध्ये दोन रखवालदारांचे जीव गेले आणि ते सोनं वितळवलं गेलं, तेव्हाही ते घेणारं कुणीतरी होतंच.

५ सप्टेंबर २०१४ ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी नटराज दिल्लीत आपल्या पंतप्रधानांच्या हवाली केला. त्याच्यासोबत वृद्धाचलमचा अर्धनारीश्वरही परत आला. परत आणलेल्या देवाची गोष्ट आमच्या घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. विजयनगरला नेलेला विठ्ठल एकनाथांच्या पणजोबांनी, भानुदासांनी पंढरीला आणला, असं वारकरी मानतात. त्या गोष्टीत देव थेट आपल्या विटेवर येतो. श्रीपुरंदनचा नटराज आला तो कुंभकोणमच्या न्यायालयात. तो मुद्देमाल होता.

आपल्या कायद्याने देवाला व्यक्ती मानलं आहे, आणि तीही कायमची अज्ञान. मूल जसं स्वतःसाठी दावा लावू शकत नाही, त्याच्यावतीने पालक उभा राहतो, तसं. पत्तूर गावात १९७६ साली एका मजुराला खणताना सापडलेला नटराज असाच खोट्या कागदांवर लंडनला पोचला होता. तेव्हा तिथल्या न्यायालयात दावेदार म्हणून एक पडकं देऊळ उभं राहिलं आणि १९९१ मध्ये जिंकलं. तुम्ही मूल पळवलंत, असं मी म्हणतो तेव्हा ती भावनेच्या भरातली उपमा नाही. कायदा त्याला अज्ञान म्हणतो आणि त्याला सांभाळणाऱ्या गावाच्या हातून तुम्ही त्याला नेलंत.

मला तुमच्याकडून पश्चात्ताप नको. तो खरा की खोटा, हे ठरवायला माझ्याकडे १९९४ चं छायाचित्र नाही. माझं मागणं वेगळं आहे. परत आलेल्या मूर्तींपैकी कितीतरी दिल्लीत पुराण्या किल्ल्यातल्या दालनात आहेत, कितीतरी इतरत्र पेट्यांत. देशात आल्या, पण गाव कळल्याशिवाय त्यांना घरी पाठवता येत नाही. सगळ्याच देवळांत फ्रेंच संस्थेचा कॅमेरा पोचला नव्हता. ज्या मूर्ती अजून कुणाच्या बैठकीच्या खोलीत आहेत, त्यांच्याबद्दल तर आम्हाला काहीच कळायला मार्ग नाही.

तुम्हाला मार्ग आहे. माल कुठून निघाला, कुणी आणून दिला, कुठल्या नावाखाली आला, कुणाला गेला, हे आठवून सांगू शकणारी माणसं या जगात फार थोडी आहेत. माझ्या अन्नपूर्णेचं घर मला शोधूनही सापडलं नाही. तो दुकानदार गेला, दुकानही गेलं, ती पावती तेवढी राहिली. तुमच्या मूर्तींचं तसं होऊ देऊ नका. कागद घ्या आणि या खेपेला खरं लिहा. मूर्तीचं वर्णन नको, शतक नको, शैली नको. एकेका पीठाच्या भोकांत कुठल्या गावचे दांडे जात होते, तेवढं त्या गावाचं नाव लिहा.