रात्रीची गोळी आणि चौविहार



माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या अपघाताबद्दल स्थानकात बऱ्याच जणी विचारतात. त्यातून जे कळलं ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पुतण्याच्या स्कूटरवर मागे बसलेल्या जाऊबाई खड्ड्यामुळे पडल्या आणि छाती दुभाजकाच्या कडेवर आपटली. रक्त नाही, फारसं खरचटलंही नाही. "मुका मार आहे, हळद लावते," म्हणाल्या. पण तासाभरात दम लागू लागला, थुंकीत रक्त दिसलं. पुतण्याने लगेच दवाखान्यात नेलं. एक्स-रेत तीन बरगड्या मोडलेल्या दिसल्या आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुस फाटल्याचं कळलं. बरगडीचं टोक आत घुसलं होतं.

फुप्फुस रबरासारखं लवचीक असतं. फाटलं की कडा मागे सरतात, मध्ये पोकळी होते आणि तिच्यात हवा किंवा रक्त भरतं. हवा बाहेर निसटून छातीत साठली की फुप्फुस दबतं. बरगडी न मोडताही, नुसत्या जोराच्या दाबाने फुप्फुस फाटू शकतं. लहान मुलांत तर जास्तच, कारण त्यांच्या बरगड्या वाकतात, मोडत नाहीत.

आम्ही ऑपरेशनच्या धास्तीत होतो, पण बहुतेकांचं नळीवर भागतं. छातीत नळी घालून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात ठेवतात. पाण्यात बुडबुडे येताहेत तोवर हवा गळते आहे असं समजायचं. चौथ्या दिवशी बुडबुडे थांबले, सहाव्या दिवशी नळी काढली.

खरी परीक्षा घरी आल्यावर झाली. दवाखान्यात रात्रीचं औषध शिरेतून जायचं. घरी मात्र रात्री दहाला दुखण्याची गोळी होती, आणि जाऊबाईंचा चाळीस वर्षांचा चौविहार! "दुखलं तर दुखू दे, कर्म खपतील," म्हणाल्या. दोन रात्री तशाच काढल्या. दुखतं म्हणून श्वास वरवर घेत होत्या, खोकला दाबत होत्या, छातीत कफ घरघरू लागला. डॉक्टर फोनवर म्हणाले, "ही गोळी नुसती आरामासाठी नाही, खोल श्वास घेता यावा म्हणून आहे. फुप्फुस नीट फुगलं नाही तर न्यूमोनिया होईल." छातीला घट्ट पट्टा बांधत नाहीत, तेही याच कारणाने.

शेवटी दीर महासतीजींना विचारून आले. त्यांनी पच्चक्खाणातल्या आगारांची आठवण दिली. समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची सवड त्या पाठातच आहे, रोज म्हणताना आपलं लक्ष जात नाही इतकंच. जाऊबाईंनी त्या रात्री घोटभर उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी घेतली, दुसरं काही तोंडात घातलं नाही, आणि बरं झाल्यावर आलोयणा घेतली.

मग उशी छातीशी धरून खोकणं, तीन चेंडूंच्या यंत्राने श्वास ओढणं आणि घरातल्या घरात चालणं सुरू झालं. तीन महिन्यांनी तपासणीत पोकळी भरून आलेली दिसली. चौविहार त्याआधीच, रात्रीची गोळी बंद झाली त्या दिवसापासून, पुन्हा सुरू झाला होता.

तेव्हा छातीवर मार लागून दम लागला, थुंकीत रक्त आलं किंवा श्वास घेताना कळ आली, तर हळदीवर थांबू नका. आणि आपले नियम डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. काही गोळ्यांच्या वेळा सूर्यास्ताआधी बसवता येतात. ज्या बसत नाहीत, त्यांच्याबद्दल गुरुणीजींना विचारा. मनाने ठरवू नका.